सोलापूरहून उडालेलं विमान अ‍ॅपवर 'भरकटलेलं' का दिसतं? टेक-ऑफनंतरच्या मार्ग-विचलनाची सोप्या भाषेत माहिती

होटगी रोडवरून विमान उडालं की आता सोलापुरात दोन गोष्टी होतात. गच्चीवरची पोरं वर बघतात आणि घरातली पोरं मोबाईलमध्ये बघतात. फ्लाईटरडार२४ सारखं अ‍ॅप उघडायचं, पिवळं विमान शोधायचं आणि त्याची रेघ कुठं चाललीय ते पाहायचं. आणि मग फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो: "दादाला गोव्याला जायचंय ना? मग हे विमान उलटं कुठं निघालंय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ९ जून २०२५ ला फ्लाय९१ ची सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली आणि तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादचा भीषण अपघात झाला. त्या अपघाताचा मार्ग चुकण्याशी संबंध नव्हता. पण त्यानंतर घरातलं कुणी विमानात बसलं की अ‍ॅपवरचं प्रत्येक वळण आपल्याला धोक्याचं वाटायला लागलं. म्हणून या लेखात आपण नीट समजून घेऊ की टेक-ऑफनंतर विमान खरंच मार्ग सोडतं म्हणजे काय होतं, ते कशामुळे होतं, चूक कोण पकडतं आणि आपल्या स्क्रीनवर दिसणारी वाकडी रेघ बहुतेक वेळा चूक का नसते.

थोडक्यात सांगायचं तर

- विमान वळलं म्हणजे मार्ग चुकलं असं नाही. त्याला जो मार्ग मंजूर झाला होता तो सोडून ते गेलं, तरच त्याला विचलन म्हणतात.
- मंजूर मार्ग कोणता हे पायलट आणि हवाई वाहतूक नियंत्रकाला माहीत असतं. तुमच्या अ‍ॅपला ते माहीत नसतं.
- खरी विचलनं होतात. त्यामागे चुकीची नोंद, चुकीचं ऐकणं, बिघडलेलं उपकरण, वारा किंवा जीपीएसमधला गोंधळ असतो.
- टेक-ऑफनंतरची पहिली काही मिनिटं जास्त महत्त्वाची, कारण तेव्हा विमान जमिनीच्या आणि इतर विमानांच्या जवळ असतं.

आधी सोलापूरची धावपट्टी समजून घ्या

सोलापूर विमानतळाच्या धावपट्टीचं नाव आहे १५/३३. हे आकडे उगाच दिलेले नाहीत. होकायंत्रावरची दिशा घ्यायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. १५ म्हणजे साधारण १५० अंश, म्हणजे दक्षिण-आग्नेय. ३३ म्हणजे साधारण ३३० अंश, म्हणजे उत्तर-वायव्य. धावपट्टी एकच, पण तिची दोन टोकं आणि दोन नावं.

विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं, कारण समोरून वारा मिळाला की पंखांना लवकर उचल मिळते आणि कमी धावावं लागतं. म्हणजे कोणत्या दिशेनं उडायचं हे वारा ठरवतो, तुमचं तिकीट नाही.

आता नकाशावर पाहा. सोलापूरहून गोव्याचं मोपा विमानतळ नैऋत्येला, साधारण २२५ अंशांवर आहे. सरळ रेषेत अंतर साधारण ३०० किलोमीटर.

- विमान १५ च्या दिशेनं उडालं, तर आधी दक्षिण-आग्नेयेला जाईल आणि मग साधारण ७५ अंश उजवीकडे वळेल.
- विमान ३३ च्या दिशेनं उडालं, तर आधी उत्तर-वायव्येला, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ उलट बाजूला जाईल आणि मग साधारण १०५ अंश डावीकडे वळेल.

मुंबईचं उलट आहे. मुंबई सोलापूरच्या पश्चिम-वायव्येला, साधारण २९५ अंशांवर. ३३ वरून उडालेल्या मुंबईच्या विमानाला जेमतेम ३५ अंश वळावं लागतं. पण तेच विमान १५ वरून उडालं तर जवळजवळ यू-टर्न घ्यावा लागतो.

म्हणजे एकच फ्लाईट, एकच कंपनी, एकच गाव. काल रेघ सरळ दिसली आणि आज मोठा वळसा दिसला, तर सगळ्यात आधी वाऱ्यावर संशय घ्या. ग्रुपवर मेसेज त्यानंतर.

मग 'विचलन' नेमकं कशाला म्हणायचं?

उड्डाणाआधी पायलटला नियंत्रकाकडून मंजुरी मिळते. त्यात कोणत्या मार्गानं बाहेर पडायचं, किती उंचीपर्यंत चढायचं हे सांगितलेलं असतं. मोठ्या विमानतळांवर यासाठी आधीच आखून छापलेले मार्ग असतात. त्यांना मानक निर्गमन मार्ग म्हणतात, वैमानिकांच्या बोलीत 'सिड'. एसटी स्टँडच्या बाहेर पडायला जसं एक ठरलेलं गेट आणि ठरलेलं वळण असतं, तसंच हे. या मार्गावर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात आणि प्रत्येक ठिकाणी उंची किंवा वेगाची अट असू शकते.

हा मार्ग विमानाच्या उड्डाण व्यवस्थापन संगणकात, म्हणजे एफएमएसमध्ये, भरला जातो. तुम्ही गुगल मॅप्समध्ये रूट टाकता तसंच, फक्त इथं 'रीरूटिंग' आपोआप होत नाही. पायलट किंवा नियंत्रक ठरवतो.

पण या मार्गावर तरी विमान तंतोतंत चालतं का? नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. आरनॅव्ह-१ नावाच्या मानकात विमानानं उड्डाणाच्या किमान ९५ टक्के वेळ ठरलेल्या रेषेपासून १ सागरी मैलाच्या, म्हणजे १.८५२ किलोमीटरच्या आत राहायचं असतं. म्हणजे रेषेपासून दोनशे-चारशे मीटर बाजूला असलेलं विमान शिस्तीतच आहे.

विचलन तीन प्रकारचं असतं:

- बाजूचं: ठरलेल्या रेषेपासून डावीकडे किंवा उजवीकडे जास्त लांब जाणं, किंवा भलत्याच वळणावर वळणं.
- उंचीचं: मंजूर उंचीच्या वर जाणं किंवा गाठायची उंची न गाठणं.
- वेळेचं: वळण बरोबर, पण फार लवकर किंवा फार उशिरा घेणं.

नियंत्रकानं मध्येच "अमुक दिशा घ्या" असं सांगितलं आणि विमान वळलं, तर ते विचलन नाही. ढगांच्या गडगडाटातून वाट काढायला पायलटनं परवानगी मागितली आणि ती मिळाली, तर तेही नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या आकाशात वळवाचे ढग उभे राहतात तेव्हा असे वळसे दिसणारच.

इतका आटापिटा कशासाठी? चिमणीची गोष्ट आठवा

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर सोलापूरकरांना एकच शब्द पुरे आहे: चिमणी.

कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीज निर्मितीची चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती. विमानसेवेला ती अडथळा ठरते, हा वाद गावात वर्षानुवर्षं चालला. एकीकडे विमानसेवा हवी म्हणणारे, दुसरीकडे कारखान्याचे सभासद आणि कामगार. शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २०२५ मध्ये विमानं सुरू झाली.

आता त्यामागचं गणित बघा. आंतरराष्ट्रीय नियमांत निर्गमन मार्ग आखताना धावपट्टीच्या टोकापासून एक कल्पित उतार धरतात. टोकापाशी ५ मीटर उंचीवरून तो २.५ टक्क्यांनी वर चढतो. या उताराच्या वर काही डोकावायला नको. विमानानं त्याहून थोडं जास्त, म्हणजे किमान ३.३ टक्क्यांनी चढायचं. ३.३ टक्के म्हणजे दर किलोमीटरला ३३ मीटर.

| धावपट्टीच्या टोकापासून अंतर | किमान चढाईनुसार विमानाची उंची |
|---|---|
| १ किमी | ३८ मीटर |
| २ किमी | ७१ मीटर |
| ३ किमी | १०४ मीटर |

एरवी दोन्ही इंजिनं चालू असलेलं विमान याहून खूप वेगानं चढतं. पण नियम चांगल्या दिवसासाठी लिहीत नाहीत, वाईट दिवसासाठी लिहितात. आता या तक्त्यात धावपट्टीपासून अडीच किलोमीटरच्या आत ९० मीटरची एखादी वस्तू ठेवून पाहा. गणित तिथंच बिघडतं.

आणि दुसरी गोष्ट, जी आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. ही तपासणी सगळ्या आकाशाची होत नाही. धावपट्टीच्या टोकापासून पंख्यासारखा दोन्ही बाजूंना १५ अंशांनी रुंदावत जाणारा एक पट्टा तपासतात. त्या पट्ट्यात विमान राहिलं, तर खाली टॉवर, टेकडी, चिमणी नाही याची हमी आहे. विमान पट्ट्याबाहेर गेलं की ती हमी संपली. म्हणून टेक-ऑफनंतरचं विचलन गंभीर मानतात.

खरी विचलनं कशामुळे होतात?

१. संगणकात चुकीची नोंद

समजा सकाळी धावपट्टी २७ वापरात होती आणि शेवटच्या क्षणी वारा बदलला म्हणून ०९ झाली. पायलटनं एफएमएसमध्ये धावपट्टी बदलली, पण निर्गमन मार्ग जुनाच राहिला. विमान आज्ञाधारकपणे चुकीच्या मार्गावर निघतं. संगणकाला काय भरलंय ते कळतं, काय भरायला हवं होतं ते कळत नाही. तुम्ही 'शिवाजी चौक' टाकलं आणि मॅप्सनं दुसऱ्याच गावातला शिवाजी चौक दाखवला, तशातलाच प्रकार.

२. ऐकण्यातली गफलत

नियंत्रक सूचना देतो, पायलट ती जशीच्या तशी परत म्हणतो आणि नियंत्रक ते ऐकून खात्री करतो. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी निसटली, तरी 'डावीकडे'चं 'उजवीकडे' होऊ शकतं. सारख्या आवाजाचे फ्लाईट क्रमांक एकाच वेळी हवेत असले की धोका वाढतो.

३. वारा

विमानाचं नाक ज्या दिशेला असतं, त्याच दिशेला ते जातं असं नाही. समजा एटीआर विमान १७० नॉट वेगानं, म्हणजे ताशी सुमारे ३१५ किलोमीटरनं चढतंय आणि बाजूनं २० नॉटचा वारा आहे. वाऱ्याची दुरुस्ती केलीच नाही, तर पाच मिनिटांत ते रेषेपासून तीन किलोमीटर बाजूला जाईल. म्हणून नाक साधारण ७ अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं. नदीत पोहणारा माणूस समोरच्या घाटावर पोचायला थोडं प्रवाहाच्या उलट हात मारतो, अगदी तसं.

लहान चूक किती महाग पडते? फक्त १ अंश दिशा चुकली आणि कुणीच दुरुस्त केली नाही, तर सोलापूर-मोपाच्या ३०० किलोमीटरमध्ये विमान सुमारे ५ किलोमीटर बाजूला पोचेल.

४. उपकरणानं खोटं सांगणं

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं बोईंग ७४७ 'सम्राट अशोक' मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघालं. विमानात २१३ जण होते. समुद्रावर आल्यावर त्यानं ठरल्याप्रमाणे उजवं वळण घेतलं आणि ते सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं विमानाचा झुकाव दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. विमान अजून उजवीकडेच झुकलंय असं ते दाखवत राहिलं. कॅप्टननं ते सरळ करायला विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं. बाहेर काळोखा समुद्र. क्षितिजाची रेघ नाही, दिवे नाहीत, खरं-खोटं पडताळायला डोळ्यांना काहीच नाही. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

हा प्रसंग वाचून एक प्रश्न पडतोच: कॅप्टनला शरीरानं कळलं नाही का? नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, पण तो लांबलेल्या वळणात फसतो. म्हणूनच कॉकपिटमध्ये असं उपकरण एक नसतं. कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक आणि तिसरं राखीव. दोन जुळतात आणि एक जुळत नाही, तर त्या एकाला सोडायचं. हा पडताळा सेकंदांत करायचा असतो आणि आज वैमानिकांना तो सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा लागतो.

५. जीपीएसमधला गोंधळ

याबद्दल पुढे वेगळं बोलू, कारण हा प्रश्न तुमच्या खिशातल्या फोनचाही आहे.

दोन भारतीय प्रसंग, दोन वेगळे धडे

दिल्ली, १७ नोव्हेंबर २०२३. इंडिगोची दोन ए३२१ विमानं वेगवेगळ्या धावपट्ट्यांवरून निघाली. एक हैदराबादला, एक रायपूरला. धावपट्टी २७ वरून उडालेलं हैदराबादचं विमान उडाल्याबरोबर डावीकडे वळलं, म्हणजे शेजारच्या २९आर वरून उडणाऱ्या विमानाच्या मार्गाकडे. दोन्ही विमानांमध्ये ठेवायचं किमान अंतर मोडलं. विमान अपघात तपास ब्युरोनं याची चौकशी हाती घेतली. टेक-ऑफनंतरचं विचलन म्हणजे काय, याचं हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. चुकीचं वळण आणि शेजारी दुसरं विमान.

बेंगळुरू, ७ जानेवारी २०२२. इथंही इंडिगोचीच दोन विमानं, एक कोलकात्याला आणि एक भुवनेश्वरला. समांतर धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे सरकायला लागली. पण यात वैमानिकांनी मार्ग सोडला नव्हता. दोघांनाही रीतसर परवानगी मिळाली होती. एकच धावपट्टी वापरायची असं ठरलं होतं आणि तो निर्णय दुसऱ्या धावपट्टीच्या टॉवर नियंत्रकापर्यंत पोचलाच नव्हता. रडारवरच्या नियंत्रकाच्या लक्षात आलं आणि त्यानं दोघांना वेगवेगळ्या दिशेला वळवलं.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. दिल्लीत वळण हाच धोका होता. बेंगळुरूत वळण हीच सुटका होती. अ‍ॅपवर दोन्हीकडे तुम्हाला 'अचानक वळलेलं विमान' इतकंच दिसलं असतं.

जीपीएस: फोनचाही, विमानाचाही

तुमचा फोन आणि विमान एकाच उपग्रहांचं ऐकतात. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर आहेत. इतक्या लांबून येईपर्यंत त्यांचा सिग्नल अगदी क्षीण होतो. म्हणून त्याला त्रास देणं अवघड नाही. त्रास दोन प्रकारे देता येतो:

- जॅमिंग: त्याच लहरींवर नुसता गोंगाट करायचा. रिसीव्हरला काहीच ऐकू येत नाही. हे निदान लगेच कळतं.
- स्पूफिंग: खऱ्यासारखा दिसणारा खोटा सिग्नल पाठवायचा. रिसीव्हरला वाटतं सगळं छान चाललंय, पण जागा चुकीची दाखवतो. हे जास्त धोक्याचं.

आपल्याकडे हे प्रकार आधी सीमाभागात जास्त दिसले. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळच काही विमानांना धावपट्टी १० कडे जीपीएसच्या आधारे उतरताना हा त्रास झाला. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, असा प्रकार दिसल्यापासून १० मिनिटांच्या आत कळवायला सांगितलं. १ डिसेंबर २०२५ ला मंत्री राममोहन नायडू यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरात इतर मोठ्या विमानतळांसोबत मुंबईचंही नाव होतं.

एक गल्लत इथंच दूर करू. त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिल्लीत शेकडो विमानं रखडली होती. ते मुख्यतः नियंत्रकांपर्यंत उड्डाण-योजना पोचवणारी संदेश यंत्रणा बंद पडल्यामुळे. स्पूफिंग ही वेगळी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हीची खिचडी करून फिरवली गेली.

मग जीपीएस गेलं तर विमान हरवतं का? नाही. मोठ्या जेट विमानांत स्वतःची जडत्व प्रणाली असते. वेग आणि वळण मोजत ती बाहेरच्या मदतीशिवाय जागेचा हिशेब ठेवते. तुमच्या फोनमधला जायरोस्कोप हा तिचा अगदी लहान भाऊ. शिवाय जमिनीवरचे व्हीओआर आणि डीएमई रेडिओ आहेत, ते दिशा आणि अंतर सांगतात. आणि नियंत्रक रडारवर पाहून तोंडी दिशा देऊ शकतो. फरक इतकाच की काम वाढतं, आणि टेक-ऑफनंतरच्या गर्दीच्या मिनिटांत वाढलेलं काम म्हणजे चुकीची शक्यता.

चूक पकडणारे थर

एक चूक झाली म्हणजे अपघात, असं होऊ नये म्हणून एकावर एक थर लावलेले असतात:

१. दोन वैमानिक: एक विमान चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो. उड्डाणाआधी दोघं मिळून संगणकातला मार्ग नकाशाशी ताडून पाहतात.
२. नियंत्रक: विमान भलतीकडे वळलं की लगेच विचारतो आणि दिशा देतो.
३. मार्गांची आखणी: समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उड्डाणं सोडायची असतील तर मार्ग उडाल्याबरोबर एकमेकांपासून किमान १५ अंशांनी फाकवतात, असा मूळ आंतरराष्ट्रीय नियम आहे.
४. टीकॅस: दोन विमानांमधली टक्कर टाळणारी यंत्रणा. आधी सावध करते, मग एका विमानाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगते. पण जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली ती असा आदेश देत नाही.
५. जमिनीचा इशारा: समोर टेकडी किंवा जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. उडाल्यावरच्या पहिल्या क्षणांत टीकॅसचा आदेश मिळत नाही, म्हणून तिथं वरच्या तीन थरांवर, म्हणजे माणसांवर आणि शिस्तीवर, जास्त भार असतो.

अ‍ॅप आपल्याला कुठं फसवतं?

विमान एडीएस-बी नावाच्या यंत्रणेनं स्वतःची जागा रेडिओवर सांगत राहतं. जमिनीवर लोकांनी बसवलेले छोटे रिसीव्हर ते ऐकतात आणि अ‍ॅपला पाठवतात. इथं चार ठिकाणी गडबड होते:

- कमी उंची: हे सिग्नल सरळ रेषेत जातात. विमान ३०० मीटर उंचीवर असेल तर आदर्श स्थितीतही साधारण ७० किलोमीटरपर्यंतच ऐकू जातं. मध्ये इमारती, झाडं आली की आणखी कमी. जवळ रिसीव्हर नसेल तर टेक-ऑफनंतरचा पहिला भाग दिसतच नाही.
- अंदाजाची रेघ: सिग्नल तुटला की अ‍ॅप काही वेळ अंदाजानं विमान पुढं सरकवतं. खरा सिग्नल आला की विमान एकदम उडी मारतं. "विमान अचानक सरकलं!" असं वाटतं, प्रत्यक्षात तुमचं अ‍ॅप सरकलेलं असतं.
- खोटी जागा: विमानाचं जीपीएस फसलं असेल तर ते फसलेली जागाच प्रामाणिकपणे सांगतं.
- मंजुरी दिसत नाही: सगळ्यात मोठी अडचण हीच. विमान कुठं आहे ते अ‍ॅप दाखवतं, कुठं असायला हवं होतं ते नाही.

स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी

- त्याच फ्लाईटचे मागच्या काही दिवसांचे मार्ग अ‍ॅपमध्ये उघडा. आजच्यासारखा वळसा आधीही दिसला तर विषय संपला.
- वारा आणि ढग तपासा. हवामानाचं अ‍ॅप पुरेसं आहे.
- विमानाचा चार आकडी कोड दिसत असेल तर पाहा. ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. यातलं काही नसेल तर घाई करू नका.
- विमान गोल फिरत असेल तर ते वाट पाहत असण्याची शक्यता जास्त. पुढं गर्दी किंवा खराब हवामान असलं की थांबवून ठेवतात.
- घरचं माणूस विमानात असेल तर आजीला स्क्रीनशॉट दाखवू नका. उतरल्यावर फोन लावून द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा फोन फ्लाईट मोडवर नसेल तर विमान मार्ग सोडेल का?
एका फोनमुळे विमान भरकटत नाही. पण नेटवर्क शोधणाऱ्या फोनची खरखर वैमानिकांच्या हेडफोनमध्ये येऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी महत्त्वाची सूचना चालू असू शकते. नियम सोपा आहे, पाळा.

फ्लाईट मोडवर जीपीएस चालतं का?
बऱ्याच फोनमध्ये चालतं. जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. खिडकीजवळ बसलात आणि नकाशा आधी डाऊनलोड केला असेल तर उजनीचं पाणी वरून ओळखता येईल.

विमानतळाजवळ ड्रोन उडवला तर?
विमानतळाभोवती ड्रोनवर निर्बंध आहेत. गड्ड्याच्या यात्रेचं किंवा लग्नाचं शूटिंग असलं, तरी आधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघा. उडणाऱ्या विमानाला ड्रोन चुकवायला लागणं म्हणजे तुम्ही स्वतः घडवलेलं विचलन.

लेझर दाखवला तर काय होतं?
जमिनीवर बारीक दिसणारा ठिपका लांब गेल्यावर पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवर सगळीकडे चकाकतो. टेक-ऑफच्या वेळी वैमानिकाचे डोळे काही सेकंद जरी दिपले तरी ते फार होतात.

शेवटी

ज्या चिमणीवरून गावात एवढा वाद झाला, तिथून आज विमानं जातात. ती सुरक्षित जावीत म्हणून आखलेला पट्टा, भरलेला मार्ग, परत म्हणून दाखवलेली सूचना आणि तीन-तीन उपकरणं, यातलं काहीच आपल्या अ‍ॅपवर दिसत नाही. दिसते फक्त एक पिवळी रेघ. पुढच्या वेळी ती वाकडी दिसली की आधी विचारा: आज विमान १५ वरून उडालं की ३३ वरून? अर्ध्या शंका तिथंच मिटतील.